शेवटच्या अंकातला रुमाल

धान कापून झालं, की हातातला रुमाल मला जड वाटायला लागतो.

आज दुपारी साकोलीच्या आमच्या ऑफिससमोरून नाटकाची जीप गेली. टपावर भोंगा, आणि भोंग्यातून तोच घोगरा, दम न घेणारा आवाज : "रसिक मायबापहो, मंडईनिमित्त आज रातच्याले येकच खेळ, याले विसरू नोका!" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी कपाळाला हात लावला आणि खिडकी ओढून घेतली. मी मान वर केली नाही. थोड्या वेळानं लक्षात आलं, की माझी उजवी मूठ टेबलाखाली घट्ट मिटलेली आहे आणि आतला रुमाल घामानं ओला झाला आहे.

हा ऋतू इथे असाच येतो. शेतातल्या बांध्या रिकाम्या होतात. धानाच्या खुंटांमधून लाखोळीची हिरवी पानं डोकावतात. खळ्यावरची धूळ सकाळच्या धुक्यात मिसळते आणि अंगणात वाळत घातलेल्या चादरींनाही नव्या तांदळाचा वास लागतो. मग गावोगाव मंडई, म्हणजे सुगीनंतरची जत्रा भरते, दिवसा शंकरपटावर बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. मातीचा ओटा रचून केलेला रंगमंच, समोर पसरलेलं तनस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा, आणि त्या तनसात घोंगड्या पांघरून उजाडेपर्यंत बसलेली माणसं. एखाद्या गावाचं नाटक चांगलं झालं तर वर्षभर त्या गावाचं नाव होतं. पडलं, तर वर्षभर त्या गावच्या माणसाला लाखांदूरच्या बाजारात टोमणे ऐकावे लागतात. हे सगळं मला माहीत नव्हतं. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटच्या होस्टेलमध्ये वाढले होते. आमच्या गावाबद्दल मला माहीत होतं ते एवढंच, की मी तिथे मराठी बोलले की मुलं हसतात.

आणीबाणी उठून गेली होती त्यानंतरचा तो हिवाळा. मी नुकती कॉलेजात गेले होते आणि मला कावीळ झाली. बाबांनी मला वरठीच्या स्टेशनवर उतरवून घेतलं, एसटीत बसवलं आणि लाखांदूरच्या अलीकडच्या आमच्या गावी काकूच्या स्वाधीन केलं. उसाचा रस, मऊ भात, आणि ओसरीवरची खाट. खाटेवर पडून माणूस दुसरं काय करणार? मी पाहत राहिले.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला आबाजी बसत. ते बाबांचे काका, सगळ्या गावाचे आबाजी. सत्तरीच्या घरातले, उंच, पाठ अजून सरळ. लहानपणी ते आमच्याच भागातल्या नाटकांत बायकांची कामं करत. तो सडपातळ सावळा मुलगा राणी झाला की बाया त्याला ओवाळायला येत, असं काकू सांगे. पुढे एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर ते पश्चिमेकडे गेले आणि तिथून मूकपटांत. काही वर्षं त्यांचा चेहरा पडद्यावर दिसत होता. मग सिनेमा बोलायला लागला.

"मले आवाज घेनाऱ्या येका पेटीपुढं उभं केलं," त्यांनी एकदा मला सांगितलं होतं. "म्हने, चार वाक्यं बोला. मी बोललो. पुस्तकातलंच बोललो हो, पन आपला हेल काय जाते का गा तोंडातून? पेटीमागचा मानूस हसला. बस म्हने. झालं. सिनेमात आवाज आला अन् मी गेलो."

हे सांगताना ते हसले होते. मी हसले नव्हते. पेटीमागच्या माणसाचं हसू मला चांगलं ओळखीचं होतं.

गावी परतल्यावर त्यांनी शेती केली आणि दर हिवाळ्यात नाटक. राजे, साधू, खलनायक, आणि वय झाल्यावर बाप. चाळीसएक वर्षं गावाच्या नाटकात आबाजी नाहीत असं झालं नव्हतं.

मी आल्यावर पहिल्या काही दिवसांतच मला एक गोष्ट खटकली. आबाजी नेहमी दाराकडे तोंड करून बसत. बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे न पाहता ओठांकडे पाहत. सगळे हसले, की एक क्षण उशिरा हसत. काकू पाठमोरी होऊन काही म्हणाली, की उत्तर येत नसे, आणि काकू म्हणे, "म्हातारपनी लय भाव खाऊन राहिले." मग एका सकाळी त्यांच्या मागे काकूच्या हातून पाणी भरायचा पितळेचा गुंड निसटला आणि फरशीवर आपटत, घरंगळत अंगणात गेला. वळचणीच्या चिमण्या उडाल्या. मी खाटेवर दचकून उठून बसले. आबाजी समोरच्या शेवग्याकडे शांतपणे पाहत होते.

त्यांनी मला उठून बसलेलं पाहिलं. मागे वळून गुंड पाहिला. पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

काकू पाण्याला गेल्यावर ते माझ्या खाटेजवळ आले. "तुले समजलं ना?"

मी मान हलवली.

"कोनाले सांगतलं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"नोको सांगू. तू कमी बोलतस, म्हनून तुले दिसलं. बोलनाऱ्याले दिसत नाही."

एवढं लपवण्याचं कारण मला दोन दिवसांनी कळलं. नाट्यमंडळाचा अध्यक्ष पुरुषोत्तम ओसरीवर आला. तरुण, गळ्यात ट्रान्झिस्टर, बोलायला गोड. "आबाजी, मी काय म्हनतो, यंदा तुमी समोर खुर्चीवर बसा. आमी तुमचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, भाषन, सगळं."

"अन् बाप कोन करन?"

"पायतो ना कोनी. मागच्या साली तुमी येक एंट्री चुकवली, आबाजी. लोकं बोलून राहिले. नाटक पडलं तं गावाची इज्जत जाते."

पुरुषोत्तमचंही खरं होतं. तो दुष्ट नव्हता. आबाजींनी त्याच्या ओठांवरचा शेवटचा शब्द संपेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाले, "पुरुषोत्तम, शाल पांघरली का मानूस मेला. मले तालमीत पाय. येक बी वाक्य चुकलं, तं घालजो शाल."

तो गेल्यावर त्यांनी नाटकाची वही काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

इथल्या नाटकात प्रॉम्प्टर म्हणजे नाटकाचा श्वास. तालमी थोड्या, संवाद लांबलचक, त्यामुळे विंगेतून प्रॉम्प्टर वाक्य टाकतो आणि नट ते उचलतो. आमच्या गावचे प्रॉम्प्टर मेश्राम गुरुजी. त्यांचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जाई आणि लोक त्यावरून त्यांची थट्टा करत. आबाजींची वाक्यं पाठ होती. अडचण एवढीच होती, की कधी बोलायचं आणि समोरचा कधी थांबला, हे त्यांना कळत नव्हतं.

"मूकपटात डायरेक्टर क्यामेऱ्याजवळ रुमाल घेऊन उभा राहे," त्यांनी मला सांगितलं. "आमी रडून राहिलो का हसून, येक डोया त्या रुमालावर. तू विंगेत गुरुजीजवळ बस. रुमाल मुठीत, म्हनजे थांबा, दुसऱ्याचं चालू हाय. रुमाल सोडला, म्हनजे बोला."

आणि मग, जुनी गंमत आठवल्यासारखं, त्यांनी रुमाल तर्जनीभोवती गुंडाळून दाखवला. "हे म्हनजे पुन्हा. शॉट बिघडला, पयल्यापासून. हे तुले नाही लागनार. नाटकात पुन्हा असते ते गाननाऱ्याले. माया वाट्याले गानं नाही."

मला नाही म्हणायचं होतं. मला माणसांत बसायची भीती वाटे, आणि मराठी मी बोट ठेवून वाचत असे; जोडाक्षर आलं की बोट थांबे. पण नाही म्हणण्यासाठीसुद्धा तोंड उघडावं लागतं. मी रुमाल घेतला.

काकू कुरकुरली. "जवान पोरीनं तालमीत बसावं काय?" आबाजींनी सांगितलं, गुरुजींचे डोळे अधू झाले, पानं उलटायला कोणीतरी पाहिजे. आणि मी शाळेच्या व्हरांड्यात, कंदिलाच्या उजेडात, गुरुजींच्या शेजारी सतरंजीवर बसू लागले. दिवसभर खाटेवर पडून मी ते नाटक वाचत असे. एका बापाचं नाटक होतं, घर सोडून निघालेल्या मुलीला अडवणाऱ्या बापाचं. माझा रुमाल नेमक्या शब्दावर सुटायला हवा होता; त्यासाठी सगळ्यांचीच वाक्यं पाठ हवी होती. झोपेतही माझी मूठ मिटत-उघडत असे, असं काकू म्हणे. तिला वाटे, काविळीमुळे.

एका तालमीत पुरुषोत्तम बोलता बोलता आबाजींच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. सगळे थांबले होते, चहा येत होता. तो हळूच म्हणाला, "आबाजी."

मला कंदिलाच्या वातीची फडफड ऐकू येत होती. आबाजी माझ्या दिशेनं पाहत मिशीवरून हात फिरवत होते. पुरुषोत्तम पुन्हा म्हणाला, थोडं मोठ्यानं, "आबाजी."

मी मूठ उघडली. रुमाल माझ्या मांडीवर पडला.

आबाजींनी घाई केली नाही. त्यांनी मिशी पुरी केली, मग सावकाश मान वळवली. "बोल ना गा. आयकून राहिलो मी. येवढ्याशा आवाजात काय, मुलगी पायाले आला का?"

सगळे हसले. पुरुषोत्तमही हसला, पण त्याची नजर आबाजींवरून निघाली आणि फिरत फिरत माझ्या मांडीवर येऊन थांबली. मी रुमालानं नाक पुसलं.

घरी सोडायला येताना गुरुजी अंधारात म्हणाले, "पोरी, मी येवढा काहून बोंबलतो, असं वाटते तुले?"

मी पायाखालची वाट पाहत चालत राहिले.

"मागच्या सालीच समजलं होतं मले. म्हटलं, आपन आवाज वाढवू, येवढं तरी पोचन. लोकं म्हनतात गुरुजीले शिंग फुटले." त्यांनी घशावरून हात फिरवला. "आता थो मायाकडं पायतच नाही. तुयाकडं पायते. बरं हाय. माया घसा सुटला."

मंडईच्या दिवशी सकाळपासून मला काही खाववलं नाही. काकूनं गरम भात पुढे केला, मी तो चिवडत बसले. दिवसभर बैलगाड्या येत राहिल्या. धूळ, भजी, फुगे, बैलांच्या गळ्यातल्या घंटा. रात्री तनसावर माणसांना माणसं खेटून बसली. विंगेत एका उलट्या खोक्यावर मी, शेजारी गुरुजी. नागपूरहून आलेल्या मीनाबाई मुलीचं काम करणार होत्या. त्यांचं गाणं ऐकायला दुरून लोक आले होते. पुरुषोत्तम समोरच्या विंगेत उभा होता. त्याच्या बगलेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते काय आहे, हे आबाजींना आणि मला दोघांनाही कळलं.

पहिला अंक गेला. दुसरा, तिसरा. माझी मूठ मिटत होती, उघडत होती. आबाजींचा शब्द इतका नेमका पडत होता, की मध्यंतरात कोणीतरी म्हणालं, "बुढा जवान झाला बे!" गुरुजींनी मला कोपरानं ढोसलं. मी हसले नाही. मला शेवटच्या अंकाची काळजी होती.

शेवटचा अंक आला तेव्हा आकाशाची कड फिकट होऊ लागली होती. धुकं रंगमंचापर्यंत आलं होतं आणि दिव्यांभोवती कापसासारखं जमलं होतं. बाप खुर्चीत बसलेला. मुलगी निरोपाचं गाणं गाते, गाणं संपतं, बाप उठतो आणि त्याचं शेवटचं, सगळ्यांत मोठं भाषण सुरू होतं. मीनाबाईंचं गाणं संपलं. मी रुमाल सोडला. आबाजी उठले, चार पावलं पुढे आले, पार रंगमंचाच्या काठापर्यंत, आणि बोलू लागले.

त्याच क्षणी तनसातून आरोळी उठली. "वन्स मोर!"

मी आयुष्यात पहिल्यांदाच नाटक पाहत होते. मला वाटलं, लोक आबाजींना दाद देत आहेत. गुरुजींनी माझा दंड धरला. "अवं, गान्याले मांगून राहिले! थांबव त्याले!" इथला रिवाज असा, की लोकांनी वन्स मोर मागितला की नाटक थांबतं. राजाला फाशी होत असली तरी थांबतं. गाणं पुन्हा होतं, मगच पुढचं वाक्य. पेटीवाल्यानं सूर धरलाही. मीनाबाईंनी पहिली ओळ उचलली. आणि त्यांच्या सुरावर आबाजींचा आवाज चढत चालला होता, कारण समोर हजार तोंडं उघडत-मिटत होती आणि त्यांना वाटत होतं, आपलं भाषण रंगतंय.

"ओ बुढ्या, बस ना खाली!"

"पोरीले गाऊ दे!"

"काय माजला बे हा!"

तनसाची एक पेंडी रंगमंचावर येऊन पडली. मी मूठ मिटली, हात उंच केला. पण आबाजी इतके पुढे गेले होते, की विंग त्यांच्या पाठीमागे राहिली होती. मीनाबाई गायच्या थांबल्या आणि त्यांच्याकडे असं पाहू लागल्या, जसं आपल्याला चारचौघांत कोणी ढकललं तर आपण पाहू. समोरच्या विंगेत पुरुषोत्तमनं बगलेतला कागद हातात घेतला.

माझे पाय कसे उठले, मला सांगता येणार नाही. चपला खोक्याजवळच राहिल्या. दहिवरानं ओल्या झालेल्या सतरंजीचा गारवा तळव्यांना लागला, आणि मग डोळ्यांवर दिवे आले. मी पार पुढच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले, जिथे ते मला पाहू शकत होते, आणि जिथे मला सगळं गाव पाहू शकत होतं. कोणीतरी शिट्टी मारली. "आता हे कोन वं?"

मी रुमाल तर्जनीभोवती गुंडाळला. बोटं बधिर झाली होती, पहिल्यांदा सुटला. पुन्हा गुंडाळला आणि हात पुढे केला.

आबाजींनी पाहिलं. वाक्य अर्ध्यावर तोडलं. त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं, मागे थांबलेल्या मीनाबाईंकडे पाहिलं, पायाजवळच्या तनसाच्या पेंडीकडे पाहिलं. काय झालं ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकेक करून उतरलं, आणि मला तेव्हा कळलं, की पडद्यावर हा चेहरा लोक का पाहत असतील. त्यांनी पेंडी उचलली, बाजूला ठेवली. मागे जाऊन खुर्चीत बसले. मग लोकांकडे तोंड करून एक हात कानावर ठेवला, दुसऱ्या हाताचा पंजा हवेत हलवला. नाही. आणि दोन्ही हात जोडले.

एक शब्द बोलले नाहीत.

गर्दी गप्प झाली. इतकी, की लांब बांधलेल्या बैलांच्या घंटा ऐकू आल्या. त्या शांततेचा आबाजींना पत्ता नव्हता. त्यांना फक्त मिटलेली तोंडं दिसत होती, आणि ती रागानं मिटली आहेत की कशानं, हे त्यांना कळत नव्हतं. जोडलेले हात तसेच होते.

मीनाबाई हलल्या. लोकांकडे पाठ करून त्या आबाजींच्या खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडासमोर, एकेक शब्द ओठांवर दिसेल असा, ते गाणं पुन्हा गायल्या. आबाजी त्यांच्या ओठांकडे पाहत होते. गाणं संपलं. मीनाबाई बाजूला झाल्या. मी रुमाल सोडायला हात वर केला, आणि सोडलाच नाही.

कारण समोर, अगदी पुढच्या रांगेच्या टोकाला, जिथून विंगेतला माझा खोका दिसत होता, एका म्हाताऱ्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, उंच धरला आणि सोडून दिला. त्याच्या शेजारच्यानंही. मग मागे, आणखी मागे. माझ्या मुठीतून रुमाल सुटताना पुढच्यांनी रात्रभर कितीदा पाहिला असेल, कोण जाणे. धुक्यात पांढरे, लाल किनारीचे दुपट्टे वर जात होते आणि खाली येत होते. सगळेच नाही. मागची काही पोरं अजून हसत होती. पण पुरेसे.

आबाजी उठले आणि बोलू लागले.

उजाडल्यावर विंगेमागे चहा होता. पुरुषोत्तम दोन कप घेऊन आला, आबाजींच्या अगदी समोर उभा राहिला आणि ओठ नीट हलवत म्हणाला, "पुढच्या सालीबी बापच ना?"

"बापच. पोरगा कराचं वय गेलं मायं."

त्याच्या बगलेतला कागद तसाच बांधलेला होता. मी चहा घेतला, काविळीला चालत नसताना.

त्यानंतरचे दोन हिवाळे मी नागपूरहून मंडईला येत राहिले. मुलं आता माझ्या मराठीला हसत नसत. मला रुमालवाली म्हणत. तिसऱ्या वर्षी धानाच्या पेंढ्या बांधून झाल्या, तालमी सुरू व्हायच्या होत्या, आणि आबाजी एका दुपारी ओसरीवर, दाराकडे तोंड करून बसलेले असतानाच गेले. मी संध्याकाळच्या एसटीनं पोहोचले. पुरुषोत्तम माझ्या आधी येऊन बसला होता. त्यानं तो कागद सोडला. घड्यांवर शाल थोडी पिवळी पडली होती. ती त्यांच्या अंगावर घालताना तो म्हणाला, "आता तं घ्या, आबाजी."

मेश्राम गुरुजी माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. लोक उचलायला वाकले. माझ्या हातात रुमाल होता. मी प्रवासभर तो धरूनच होते. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "मूठ मीट, पोरी. सोडू नोको."

मूठ म्हणजे थांबा, दुसऱ्याचं चालू आहे; आबाजींचं वाक्य अजून यायचं आहे.

मी मूठ मिटली. धान कापून झालं, जीप रस्त्यावरून ओरडत गेली, की ती अजूनही मिटते.